पाहणे आणि करणे : पवईच्या संगणक-पाठांची एक चिकित्सा

तरुण मुलांना इंटरनेटवरून शिकवायचे तर पाठ 'रंजक' हवा, असे हल्ली सर्वत्र सांगितले जाते. या पिढीचे लक्ष फार वेळ टिकत नाही, म्हणून पाठ छोटे करा, पडद्यावर सतत काहीतरी हलते ठेवा, प्रत्येक उत्तराला गुण किंवा चांदणी द्या, असा सल्ला शिक्षकांना मिळतो. हा सल्ला कितपत खरा आहे, हे एखादा प्रत्यक्ष पाठ समोर ठेवूनच तपासायला हवे. त्यासाठी आम्ही मुंबईच्या उपनगरातलाच एक उपक्रम निवडला आहे. एका बाजूला अंधेरी आणि दुसऱ्या बाजूला घाटकोपर-मुलुंड, यांच्यामधल्या पवईत आयआयटी आहे. तेथे तयार झालेले 'स्पोकन ट्युटोरियल' हे पाठ अनेक शिक्षकांच्या परिचयाचे असतील.

आधी लक्ष टिकण्याविषयी. माणसाचे लक्ष आता आठच सेकंद टिकते, म्हणजे गोल्डफिश माशापेक्षाही कमी, हे विधान मायक्रोसॉफ्टच्या कॅनडा शाखेने २०१५ साली काढलेल्या एका अहवालातून जगभर पसरले. त्याचे मूळ शोधू गेलेल्यांना त्यामागे कोणताही प्रयोग आढळला नाही. जो तरुण तीन तासांचा क्रिकेटचा सामना एकाग्रतेने पाहतो, त्याच्या मेंदूत काही बिघाड झाला आहे असे म्हणता येत नाही. प्रश्न लक्ष कशावर आणि का टिकते, हा आहे.

पाठाची रचना

आयआयटीतील रसायन अभियांत्रिकीचे प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने आणि केंद्र सरकारच्या २००९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय शैक्षणिक अभियानाच्या मदतीने हे पाठ घडले. विषय मुख्यतः मुक्त सॉफ्टवेअरचे : लिनक्स, लिब्रे ऑफिस, पायथन, सायलॅब इत्यादी. एक पाठ साधारण दहा मिनिटांचा. त्यात शिक्षकाचा चेहरा दिसत नाही. संगणकाचा पडदा दिसतो आणि बाण कोठे जातो, काय टंकले जाते, हे सांगणारा आवाज ऐकू येतो. हा आवाज मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध आहे. पडद्यावरील मजकूर मात्र इंग्रजीच ठेवला आहे, कारण नोकरीच्या ठिकाणी तोच समोर येणार.

रंजकतेच्या रूढ कल्पनेप्रमाणे या पाठांत काहीच नाही. संगीत नाही, विनोद नाही, चांदण्या नाहीत. तरीही रचनेचा एक पक्का विचार आहे. विद्यार्थ्याने पडद्याच्या एका बाजूला पाठ लावायचा आणि दुसऱ्या बाजूला ते सॉफ्टवेअर उघडायचे. पाठात जे केले जाते ते थांबून स्वतः करायचे, चुकले तर मागे जाऊन पुन्हा पाहायचे. पाठाची संहिता आधी लिहिली जाते आणि त्या विषयात नवखा असलेला कोणी तरी ती करून पाहतो. तो अडला, तर संहिता बदलते. ज्याच्या शेजारी विचारायला कोणी नाही अशा एकट्या विद्यार्थ्यासाठी हा पाठ आहे, हे गृहीत धरूनच सगळे केलेले असते. लिब्रे ऑफिसच्या लेखन-पाठांत सरावासाठी घेतलेला कागद हा नोकरीच्या अर्जाचा बायोडाटा आहे. बोरिवलीच्या किंवा मुलुंडच्या एखाद्या पदवीच्या विद्यार्थ्याला याहून जवळचे उदाहरण कोणते द्यायचे?

भाषेबाबत एक निरीक्षण. मराठीत क्रियापद शेवटी येते. 'फाइल मेनूवर क्लिक करा' असे ऐकताना आधी वस्तू कळते, डोळे तिकडे जातात आणि मग कृती कळते. संगणकाच्या पाठाला हे सोयीचेच आहे. परंतु मूळ पाठाला लागलेल्या वेळातच मराठी वाक्य बसवायचे असल्याने ते काही ठिकाणी घाईचे किंवा शब्दशः होते. तेथे मराठी शिक्षकाचा कान लागला, तर हे पाठ पुष्कळ सुधारतील.

उणीव कोठे आहे

या पाठांचे मोठे बळ म्हणजे ते हाताला काम देतात. मात्र आमच्या मते त्यांची उणीवही तेथेच आहे. हाताला काम मिळते, पण विचाराला पुरेसे मिळत नाही. काय करायचे ते आवाज सांगतो आणि विद्यार्थी तसे करतो. पुढे काय होईल याचा अंदाज त्याला बांधावा लागत नाही. शेवटी स्वाध्याय असतो हे खरे, पण त्यात बहुधा दाखवलेलीच कृती थोडी बदलून करायची असते. असा विद्यार्थी पाठ संपवतो, प्रमाणपत्रही मिळवतो, आणि मेनूची जागा बदलली की अडतो.

उदाहरण घेऊ. विजेच्या वापराचा तक्ता आहे. बी स्तंभात दर महिन्याचे युनिट आणि ई१ या घरात युनिटचा दर. सी२ मध्ये बी२ गुणिले ई१ असे सूत्र लिहिले की उत्तर बरोबर येते. तेच सूत्र खाली सी३ मध्ये उतरवले, की त्याचे बी३ गुणिले ई२ होते. ई२ रिकामे आहे, म्हणून उत्तर शून्य! यावरचा उपाय म्हणजे ई१ च्या अक्षराला आणि अंकाला डॉलरचे चिन्ह लावणे. पाठाने हे चिन्ह आधीच लावायला सांगितले, तर विद्यार्थी एक खूण पाठ करतो. त्याला आधी शून्य भेटले, 'वापर १२० युनिट आणि बिल शून्य कसे?' असा प्रश्न पडला, तर मग ते चिन्ह त्याच्यासाठी उत्तर ठरते. दोन्हीकडे बोटे तीच कळ दाबतात. शिकणे मात्र वेगळे.

याला प्रयोगांचा आधार आहे. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ साली विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणाऱ्यांना ८१ टक्के, तर आठवून लिहिणाऱ्यांना ७५ टक्के आठवले. आठवड्याने चित्र उलटले : वाचणारे ४२ टक्क्यांवर आले, आठवून लिहिणारे ५६ टक्क्यांवर राहिले. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या वर्गांवर झालेला अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात स्वतः गणिते सोडवत शिकलेल्या विद्यार्थ्यांना चाचणीत गुण जास्त मिळाले. तरीही सफाईदार व्याख्यान ऐकणाऱ्यांना आपण अधिक शिकलो असे वाटले होते. म्हणजे 'पाठ आवडला का?' या प्रश्नाच्या उत्तरावरून पाठाची किंमत ठरवता येत नाही.

पाठाच्या लांबीबद्दलही तेच. एडेक्सवरील लाखो पाहण्यांच्या नोंदी तपासून २०१४ साली असे दिसले, की चित्रफीत कितीही लांब असली तरी सामान्यतः सहा मिनिटांपर्यंतच पाहिली जाते. यावरून सहा मिनिटांचे पाठ करण्याची टूम निघाली. पण त्या नोंदींनी मोजला तो पाहण्याचा वेळ, शिकण्याचा नव्हे. पाठ छोटा असावा हे ठीक. पण तो थांबल्यावर विद्यार्थी काय करतो, याला अधिक महत्त्व आहे.

उपाय शेजारीच आहे

या उणिवेवरचा उपाय शोधायला दूर जावे लागत नाही. त्याच आयआयटीतील सहाना मूर्ती, श्रीधर अय्यर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिकणाऱ्याला केंद्रस्थानी ठेवणारी ऑनलाइन अभ्यासक्रमाची एक रचना मांडली आहे. तिच्यात चित्रफीत मध्येच ठरवून थांबते आणि विद्यार्थ्याला प्रश्न विचारते. त्याने आपले उत्तर लिहायचे, मगच पुढचे स्पष्टीकरण ऐकायचे. एका गटाने हाताची सोय केली, दुसऱ्याने विचाराची. दोन्ही एकत्र आणणे हे शिक्षकाचे काम आहे, आणि त्याला नवे सॉफ्टवेअर लागत नाही.

दहा मिनिटांच्या पाठात आपण आधीच दोन जागा निवडून ठेवाव्यात. तेथे पाठ थांबवून 'आता काय होईल?' असे विचारावे आणि अंदाज वहीत लिहून घ्यावा. पाठ संपल्यावर तो बंद करून तीच गोष्ट नव्या कागदावर, न पाहता करायला द्यावी. आठवड्याने पुन्हा एकदा.

एक अडचण मात्र शिक्षकाच्या युक्तीने पूर्ण सुटणारी नाही. पाठ आणि सॉफ्टवेअर शेजारी-शेजारी ठेवायचे तर संगणकाचा रुंद पडदा हवा. ज्या घरात केवळ मोबाइल आहे, तेथील विद्यार्थी लोकलमध्ये उभ्याउभ्या हे पाठ पाहू शकतो. करू शकत नाही. त्याच्यासाठी करण्याचा पाठ पुन्हा पाहण्याचाच होतो, आणि ज्या एकट्या विद्यार्थ्याला डोळ्यांसमोर ठेवून हा सारा खटाटोप झाला, नेमका तोच मागे राहतो. हे पाठ उतरवून घेऊन इंटरनेटशिवायही चालवता येतात. तेव्हा शाळा-महाविद्यालयांनी आपली संगणक-खोली संध्याकाळी तास-दोन तास उघडी ठेवली आणि एका संगणकावर दोघांना बसवले, तरी पुष्कळ साधेल. एकाने अंदाज सांगावा, दुसऱ्याने करून पाहावे, मग जागा बदलाव्यात. पाठ रंगीत करण्यावर होणारा खर्च या कुलूप लागलेल्या खोल्या उघडण्यावर व्हावा, असे आम्हांला वाटते.