पैठणचें संग्रहालय

मोठ्या शहरांतील संग्रहालयांत वस्तु दूरदूरच्या प्रदेशांतून आलेल्या असतात. तेथें त्यांचें सौंदर्य पाहून प्रेक्षक तृप्त झाला तरी चालतें. लहान गांवच्या संग्रहालयाची कसोटी निराळी आहे. ज्या मातींतून वस्तु निघाली ती माती तेथें दाराबाहेरच असते. म्हणून गांव व वस्तु यांचें नातें तें कितपत उलगडून दाखवितें, हाच प्रश्न प्रथम विचारावा लागतो. छत्रपति संभाजीनगरच्या दक्षिणेस सुमारें ५० किलोमीटरांवर, गोदावरीच्या कांठीं असलेल्या पैठणचें बाळासाहेब पाटील संग्रहालय आम्हीं याच दृष्टीनें पाहिलें.

पैठण म्हटलें कीं मराठी मनास एकनाथमहाराज, षष्ठीची यात्रा आणि पैठणी यांचें स्मरण होतें. परंतु नाथांच्या काळाच्या सुमारें पंधराशें वर्षें आधीं हेंच गांव प्रतिष्ठान या नांवानें सातवाहनांची राजधानी म्हणून गाजत होतें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथांत, भडोच बंदराच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण असल्याचें नमूद असून, तेथून रंगीत पट्ट्यांचे मौल्यवान दगड गाड्यांत भरून बंदरावर येत असल्याचेंहि म्हटलें आहे. दगडी मणी, नाणीं, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, भाजक्या मातीच्या मूर्ति हें सारें याच जुन्या पेठेचें धन होय. ग्रंथांतील ती ओळ ठाऊक असलेल्यास बोराएवढा मणीहि बोलका वाटतो. ती ठाऊक नसलेल्यास तो केवळ एक खडा.

हें धन वांचलें तें मुख्यतः एका व्यक्तीच्या ध्यासामुळें. बाळासाहेब पाटील यांनीं आपल्या गांवांत सांपडणाऱ्या जुन्या वस्तु वर्षानुवर्षें जमविल्या. तेरणाकांठच्या तेर येथें रामलिंगप्पा लामतुरे यांनींहि हेंच कार्य केलें. या दोन गृहस्थांचें ऋण महाराष्ट्रानें कधींहि विसरूं नये.

तथापि, ऋण मान्य करूनहि एक गोष्ट बोलणें आम्हांस अवश्य वाटतें. वेंचलेली वस्तु आणि उत्खननांत मिळालेली वस्तु यांत महदंतर आहे. उत्खननांत मातीचा थर तपासला जातो. वस्तु कोणत्या थरांत, कोणत्या भिंतीजवळ, कोणत्या भांड्यांच्या संगतींत होती, यावरून तिचा काळ व उपयोग ठरतो. पावसानें उघडी पडलेली वस्तु उचलली कीं ही सारी साक्ष लोपते; ती 'मी जुनी आहें' एवढेंच सांगूं शकते. हा वेंचणाऱ्याचा दोष नव्हे. त्यानें उचलली नसती तर ती नष्टच झाली असती. पण यामुळेंच कोणत्याहि गांवच्या संग्रहालयानें उत्खनित वस्तु व वेंचलेल्या वस्तु स्पष्टपणें वेगळ्या दाखवाव्या, ठाऊक असेल तेथें सांपडण्याची जागा गांवाच्या नकाशावर दाखवावी आणि ठाऊक नसेल तेथें तसें मोकळेपणानें लिहावें. अनिश्चितता कबूल केल्यानें संग्रहालयाची प्रतिष्ठा वाढतेच.

हा केवळ पंडितांचा काथ्याकूट आहे, असें कोणी समजूं नये. पैठणचें जुनें गांव जुन्या नगराच्या अवशेषांवरच वसलेलें आहे. नव्या घराचा पाया खणतांना कुदळीच्या एकेका घावासरशीं दोन हजार वर्षांच्या इतिहासाचें पान फाटूं शकतें. तें वांचविणें कायद्याच्या बळावर थोडेंच साधतें. खणणाऱ्या गवंड्यास व घरधन्यास त्या तांबड्या खापराची किंमत कळली तरच साधतें. ती कळविणें हें गांवच्या संग्रहालयाचें पहिलें कर्तव्य होय. परगांवच्या प्रवाशाच्या आधीं तेथें पैठणच्या शाळांतील मुलें व गवंडी यांस मानानें बोलवावें. जमविलेल्या वस्तूंचें रक्षण कपाटें करतील. अद्याप भूमींत असलेल्यांचें रक्षण गांवकऱ्यांवांचून कोण करणार?