‘असूनही’ या शब्दाविषयीं
गो. पु. देशपांडे यांचें ‘सत्यशोधक’ हें नाटक अतुल पेठे यांनीं २०१२ सालीं पुणे महानगरपालिकेच्या सफाई कामगारांना घेऊन रंगभूमीवर आणिलें. ‘झाडूवाल्या असूनही कामें छान केलीं’ अशी त्याची कोणी वाखाणणी करील, तर ती स्तुति नव्हे, अपमान होय, असें आमचें मत आहे. ज्या पुण्यांत १८४८ सालीं सावित्रीबाई मुलींना शिकवूं लागल्या आणि त्यापायीं अंगावर शेण झेलत्या झाल्या, त्याच पुण्याची घाण पहाटे उचलणाऱ्या स्त्रीच्या मुखीं जोतीरावांचा विचार यावा, यांतच या प्रयोगाचें बळ आहे. उणीव आहे ती प्रेक्षागृहांत. टाळी वाजविणारा पुरुषाचा हात घरचा ओला-सुका कचरा निवडावयास मात्र बायकोकडेच पाहतो. समता टाळीनें येत नाहीं. केरसुणी वाटून घेतल्यानें येते.