शब्द बुडतो कुठे?

गाण्याचा विचार करताना आपण कवी, संगीतकार आणि गायक या तिघांची नावे घेतो. चौथा माणूस आपल्या हिशेबातच नसतो. गळा, पेटी, तबला, बासरी यांचे आवाज आता वेगवेगळे मुद्रित होतात. त्यांपैकी कोणाला पुढे आणावयाचे आणि कोणाला मागे बसवावयाचे, हे तो चौथा माणूस ठरवितो. या कामाला धंद्यात मिक्सिंग म्हणतात.

परळच्या राजकमल स्टुडिओत मंगेश देसाई यांनी ध्वनिमिश्रणात मोठे नाव मिळविले. १९६० साली पुण्यात प्रभातच्या जुन्या जागेत फिल्म इन्स्टिट्यूट निघाली आणि हे काम वर्गात बसून शिकण्याची सोय झाली. आज अंधेरीकडेही असे क्लास आहेत. आमच्या मनोरीहून बोटीने मार्वे गाठून तिकडे जाणारा एक माजी विद्यार्थी मला तेथले धडे सांगतो, आणि मास्तर असूनही मी ते निमूटपणे ऐकतो.

पहिला धडा असा : आवाज हळू ठेवून ऐका. मोठ्या आवाजात खर्जाचे सूर भरघोस वाटतात, हळू आवाजात तेच पातळ होतात. कानाचा हा स्वभाव फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली मोजून दाखविला. तेव्हा मोठ्याने ऐकून केलेला न्याय फसवा असतो.

दुसरा धडा : गळा ऐकू येत नाही म्हणून तो चढवू नका, त्याच्या वाटेत कोण उभा आहे ते पाहा. पेटी आणि गळा पुष्कळसे एकाच पट्ट्यात वावरतात. स, श, च, त ही व्यंजने उंच कंपनांची. टाळ-झांजांचा झणत्कारही तेथलाच. टाळ अनावर झाले की स्वर ऐकू येतो, पण शब्द नाहीसा होतो.

घरोघरी सध्या चकलीची भाजणी चालली असेल. तांदूळ, डाळी, धने, जिरे वेगवेगळे भाजून मग एकत्र दळतात. कोणी एक वरचढ होता कामा नये. मिक्सिंगही असेच, परंतु उपमा येथेच संपते. मराठी गाण्यात एक जिन्नस वरचढ राहिलाच पाहिजे, आणि तो म्हणजे शब्द.

१९५५ साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेल्या ‘गीतरामायणा’त माडगूळकरांचे अक्षरन् अक्षर कानी येते. वाद्ये थोडी होती म्हणून, असे कोणी म्हणेल. मग २०१६ च्या ‘सैराट’कडे पाहावे. अजय-अतुल यांनी त्यासाठी हॉलिवूडमध्ये प्रचंड वाद्यवृंद मुद्रित केला. तरी ‘याड लागलं’मध्ये गळा त्या लाटांवर तरंगतो, बुडत नाही. म्हणजे दोष वाद्यांच्या संख्येत नाही, विवेकाच्या अभावात आहे.

आज पुष्कळ ध्वनिमुद्रणांत हा विवेक दिसत नाही. सगळेच आवाज दाबून एका उंचीवर आणले जातात, कारण आपले गाणे शेजारच्या गाण्यापेक्षा मोठे वाजावे ही हौस. गंमत अशी की, इंटरनेटवरून गाणी ऐकविणाऱ्या बऱ्याच सेवा सर्व गाण्यांची पातळी सारखी करून टाकतात. कमावलेला मोठेपणा तेथे जातो. दडपलेला शब्द मात्र परत येत नाही.

ही केवळ रसिकांची कुरकुर नव्हे. आमच्याकडे कोळ्यांची आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांतली लग्नाची गाणी बहुतेक तोंडीच चालत आली आहेत. त्यांत नातलगांना मारलेले टोमणे आहेत, मासळीची नावे आहेत, खाडीवरचे शब्द आहेत. ती आता बँडच्या आणि यंत्राच्या ठेक्यावर मुद्रित होतात. पुस्तकातले गाणे मुद्रणात बुडाले तरी पुस्तकात उरते. या गाण्यांना तो आसरा नाही. आजीचा शब्द ठेक्याखाली गेला, तर नातवाला तो शोधावयास जागाच उरणार नाही. म्हणून क्लासमधल्या त्या मुलांच्या हाती जे आहे त्याला मी नुसते यंत्रकाम म्हणत नाही. ते संपादन आहे.

वाचकांनी या दिवाळीत एवढे करून पाहावे. आवडीचे गाणे लावावे आणि आवाज अगदी कुजबुजीइतका उतरवावा. तरीही शब्द कळला, तर त्या अनाम चौथ्या माणसाला फराळातली एक चकली मनोमन देऊन टाकावी.