पॅनाथेनाईक स्टेडियम: ‘निरुपयोगी’ म्हणण्याआधी फूटपट्टी तपासा

मागच्या सेमिनारला मी एक वाक्य लिहून नेलं होतं: ‘अथेन्सचं पॅनाथेनाईक स्टेडियम प्राचीन आहे, पण आधुनिक ॲथलेटिक्ससाठी निरुपयोगी आहे.’ समोरून एकच प्रश्न आला, ‘प्राचीन म्हणजे कधीचं, आणि निरुपयोगी कशासाठी?’ माझी बोलती बंद. ते वाक्य नेमकं कुठे फसलं, ते आज बघू.

आधी ‘प्राचीन’ हा शब्द. लायकरगसने इथे इ.स.पू. चौथ्या शतकात स्टेडियम बांधलं. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात हेरोडेस ॲटिकसने ते संगमरवरात घडवलं. पुढे ते मातीखाली गेलं आणि एकोणिसाव्या शतकात उत्खनन झालं. आज दिसणारा पांढराशुभ्र संगमरवर मात्र प्रामुख्याने १८९६च्या ऑलिंपिकसाठी अव्हेरॉफच्या देणगीतून बसवलेला आहे. म्हणजे आराखडा जुना, अंग नवं. संशोधनात हे दोन्ही एकाच शब्दात कोंबणं चुकीचंच.

आता ‘निरुपयोगी’. इथे थोडं गणित करू. आजच्या प्रमाणित ४०० मीटर ट्रॅकच्या वळणाची त्रिज्या ३६.५ मीटर असते. म्हणजे आतल्या मोकळ्या जागेचीच रुंदी ७३ मीटर झाली, लेन वेगळ्या. पॅनाथेनाईकचं अख्खं मैदान सुमारे ३३ मीटर रुंद! प्राचीन धावक सरळ धावायचा, लांब शर्यतीत खांबाला वळसा घालून परत यायचा. त्याला रुंदी लागतच नव्हती. १८९६ला याच लांबट जागेत आधुनिक शर्यती बसवल्या, आणि वळणं इतकी तीव्र झाली की धावकांना वेग कमी करावा लागला. ४०० मीटरची विजेती वेळ होती ५४.२ सेकंद.

मग दोष वास्तूचा की १८९६च्या निर्णयाचा? माझ्या मते निर्णयाचा. आयोजकांना खेळ नवा हवा होता आणि चौकट जुनी. त्याची किंमत वळणावर धावकांनी मोजली.

२००४ला मात्र निवड शहाणपणाची होती. ट्रॅकवरच्या शर्यती दुसऱ्या स्टेडियममध्ये झाल्या. इथे तिरंदाजी आणि मॅरेथॉनचा शेवट. तिरंदाजीला ७० मीटरची सरळ रेषा लागते, मॅरेथॉनला शेवटचा सरळ टप्पा. दोन्ही या आकाराला शोभतात. अथेन्सची वार्षिक मॅरेथॉन आजही इथेच संपते. तरी यालाच ‘अखंड परंपरा’ म्हणू नका, मध्ये शतकानुशतकांचा खंड आहे.

माझं सुधारलेलं वाक्य असं: ‘प्राचीन आराखड्यावर १८९६ला पुन्हा उभारलेलं हे स्टेडियम ४०० मीटर ट्रॅकसाठी अरुंद आहे, पण सरळ रेषेच्या खेळांना आजही चालतं.’ लांबलं खरं, पण आता कुणी ‘म्हणजे काय?’ विचारलं तर उत्तर आहे. तुमच्या प्रस्तावातली विशेषणंही एकदा अशीच तपासून बघा.