ऑनलाइन सहकार्य आणि 'जागतिक शिक्षक' : एक चिकित्सा

ऑनलाइन सहकार्यातून घडणारा 'जागतिक शिक्षक' ही संकल्पना मराठी शैक्षणिक लेखनात आता स्थिरावली आहे. याचे श्रेय बव्हंशी ३ डिसेंबर २०२० या दिवसाला द्यावे लागेल. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना त्या दिवशी वार्की फाउंडेशनचा दहा लाख डॉलरचा 'ग्लोबल टीचर' पुरस्कार जाहीर झाला. त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील अन्य नऊ शिक्षकांना देऊ केली. त्यानंतरच्या गौरवपर लेखनाचा भर मात्र पडद्यावरून देशोदेशींच्या वर्गांशी होणाऱ्या संवादावर राहिला. या मांडणीत कार्यकारणभाव उलटा झाला आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

परितेवाडीतील मूळ प्रश्न भाषेचा होता. मुलांच्या घरची भाषा कन्नड. पाठ्यपुस्तक त्या भाषेत नव्हते. डिसले ती भाषा शिकले, पहिली ते चौथीची पुस्तके त्यांनी नव्याने सिद्ध केली आणि क्यूआर कोडद्वारे त्यांना ध्वनी व चित्रफिती जोडल्या. भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाईन अशा परस्परविरोधी देशांतील मुलांना जोडणारा त्यांचा उपक्रम याच वृत्तीचा विस्तार होय. जगाला देण्याजोगे काही त्यांच्या वर्गातच निर्माण झाले होते. केवळ संपर्क म्हणजे सहकार्य नव्हे. २०२० च्या टाळेबंदीत आम्हा महाविद्यालयीन अध्यापकांकडे वेबिनारच्या प्रमाणपत्रांची चळत साचली. सहकारी मात्र क्वचितच लाभला.

या दृष्टीने आपल्या जिल्ह्यातील गाडीवाटचे उदाहरण अधिक बोलके आहे. छत्रपती संभाजीनगरपासून (तत्कालीन औरंगाबाद) सुमारे २५ किलोमीटरवरील या गावच्या जिल्हा परिषद शाळेने २०१९ मध्ये चौथी ते आठवीच्या विद्यार्थ्यांना परकी भाषा निवडण्यास सांगितले. यंत्रमानव आणि तंत्रज्ञानाच्या ओढीने मुलांनी जपानी निवडली! पाठ्यक्रम नव्हता, शिक्षक नव्हता; इंटरनेटवरील चित्रफिती आणि भाषांतराची साधने यांवर आरंभ झाला. २०२० मध्ये शहरातीलच एका भाषातज्ज्ञाने ऑनलाइन तासिका विनामूल्य घेतल्या. म्हणजे जपान या मुलांपर्यंत आला तो शेजारच्या शहरातून. ज्यांच्या घरी स्मार्टफोन नव्हता त्यांना 'विषयमित्र' योजनेतून वर्गमित्रांनीच शिकविले. सहकार्याचा हा शेवटचा टप्पा कोणत्याही पडद्यावर दिसत नाही. तो वगळला, तर उपक्रम फोन असलेल्या घरांपुरताच उरला असता.

पुरस्कार आणि मूल्यमापन यांची रचना मात्र एका व्यक्तीभोवती असते. शिक्षकाने किती देशांशी संपर्क साधला हे अहवालात नोंदविणे सोपे. किती मुले एकमेकांकडून शिकली, याला बहुधा रकानाच नसतो. शिवाय अशा जागतिक जाळ्यांचा व्यवहार मुख्यत्वे इंग्रजीत चालतो. मराठी माध्यमातील अनुभवी शिक्षक तेथे अबोल राहतो आणि त्याचे मौन अकार्यक्षमता समजले जाते. साधनांचे स्वामित्वही शाळेकडे नसते. जगभरातील वर्ग ज्यावरून एकमेकांना भेटत, ते स्काईप मे २०२५ मध्ये बंद झाले. त्यावर जुळलेल्या ओळखींपैकी किती टिकल्या, हे त्या शिक्षकांनी एकत्र मिळून काय काम केले होते यावरच अवलंबून राहिले असणार.