हाडे किती बोलतात?

समोरचा चेहरा बाईचा की पुरुषाचा, हे आपण पाहताक्षणी ओळखतो. कशावरून, असे विचारले तर विज्ञानाची गोडी असलेला विद्यार्थी म्हणेल, ‘हाडांच्या ठेवणीवरून.’ त्याला आधार म्हणून १९९३ साली ‘पर्सेप्शन’ या नियतकालिकात आलेले दोन शोधनिबंध दाखवता येतात. व्हिकी ब्रूस, माइक बर्टन आणि त्यांचे सहकारी हे त्यांचे लेखक. निबंध उत्तम आहेत, पण त्यांतून ‘हाडेच ठरवतात’ एवढाच सारांश उचलणे मला पटत नाही.

आधी प्रयोग पाहू. केस झाकलेले, दाढी केलेली, रंगरंगोटी नाही, अशा चेहऱ्यांची छायाचित्रे लोकांना दाखवली. सुमारे ९६ टक्के उत्तरे बरोबर आली! मग लेझरने चेहऱ्यांचा नुसता त्रिमितीय आकार टिपला. त्यात भुवया नाहीत, कातडीचा पोत नाही, रंग नाही. प्लॅस्टरचे मुखवटे असावेत तसे. केवळ आकार पुरेसा असता तर उत्तरे पहिल्याइतकीच बरोबर यायला हवी होती. ती बरीच घसरली, विशेषतः स्त्रियांच्या चेहऱ्यांबाबत. चेहरा थोडा वळवून दाखवला तेव्हा आकाराचा उपयोग अधिक झाला.

दुसऱ्या निबंधात १७९ चेहऱ्यांची मोजमापे आहेत. सपाट आणि त्रिमितीय अशी १६ मापे एकत्र केल्यावर गणिताने सुमारे ९४ टक्के चेहरे बरोबर वेगळे काढले. ९४ आणि ९६ हे आकडे शेजारी ठेवले की मोह होतो: म्हणजे डोळाही हीच मापे घेत असणार! पण दोन मुलांचे उत्तर एकच आले म्हणून त्यांची रीत एकच होती, असे कोणताही गणितशिक्षक मानणार नाही. लेखकांनीही तसे मानलेले नाही. भुवया व कातडी, अवयवांमधील परस्परसंबंध आणि त्रिमितीय आकार या सगळ्यांचा मेळ ते मांडतात. सारांश करणाऱ्यांनी त्यातले एकच उचलले.

आणखी एक गोष्ट. लेझरचा किरण कातडीवर पडतो, हाडावर नाही. गालाचा आकार चरबीवरही अवलंबून असतो आणि नाकाचा पुढचा भाग कूर्चेचा असतो. मापलेला ‘आकार’ म्हणजे हाड नव्हे. नाकाची तर गंमतच आहे. ब्रूस यांच्याच १९८८ सालच्या एका प्रयोगात नाक झाकले की स्त्री-पुरुष ओळखायला लोकांना जास्त वेळ लागे, पण नुसते नाक दाखवले तर काहीच सांगता येत नसे!

हाडांत फरक नसतो असे नाही. पुरुषाच्या कवटीवर भुवईच्या जागी उंचवटा, मागे झुकलेले कपाळ, रुंद जबडा, चौकोनी हनुवटी हे सरासरीने अधिक आढळते. सॅन फ्रान्सिस्कोचे शल्यविशारद डग्लस ऑस्टरहाउट यांनी १९८० च्या दशकात पारलिंगी स्त्रियांसाठी कपाळाचे हाड घासून वा मागे घेऊन चेहरा बदलण्याच्या शस्त्रक्रिया सुरू केल्या, त्या याच आधारावर. मात्र हे फरक मुख्यतः वयात येताना ठळक होतात. लहान मुलाच्या कवटीवरून लिंग खात्रीने सांगता येत नाही.

उलट बाजूचा पुरावा २००९ चा. रिचर्ड रसेल यांनी एकच चेहरा दोन प्रकारे दाखवला. डोळे-ओठ आणि कातडी यांच्या उजळपणातला फरक वाढवला की तो बाईचा वाटतो, कमी केला की पुरुषाचा. हाड तेच!

हे सगळे शाळेत सांगताना ‘सरासरी’ हा शब्द गाळू नये. रुंद जबड्याच्या मुलीला ‘मुलगा’ म्हणून चिडवणारी मुले आठवीच्या कोणत्याही वर्गात सापडतील. त्यांच्या हाती ‘विज्ञान सांगते’ हे नवे हत्यार द्यायचे का? दोन्ही लिंगांची मापे एकमेकांत बरीच मिसळलेली असतात, आणि निरनिराळ्या लोकसमूहांत कवटीवरील खुणांचे प्रमाणही निराळे असते.

वर्गात प्रयोग करायचाच तर वर्तमानपत्रातली अनोळखी प्रौढांची छायाचित्रे घ्यावीत. आधी केस, मग भुवया, मग नाक कागदाने झाकून उत्तरे नोंदवावीत. वर्गातल्या मुलांचे चेहरे मात्र घेऊ नयेत.