अमृतानुभवांतील ग्रंथप्रामाण्याचा विचार

अमृतानुभवाविषयीं आजवर जो वाद झाला, त्याचा बहुतेक भाग एकाच प्रश्नाभोंवतीं फिरला आहे : ज्ञानदेवांनीं हें तत्त्वज्ञान घेतलें कोणापासून ? पंडित पांडुरंग शर्मा यांनीं शांकर मायावादाशीं ज्ञानदेवांचें जुळत नाहीं असें प्रतिपादिलें. शं. दा. पेंडसे यांनीं १९४१ सालच्या आपल्या ‘ज्ञानेश्वरांचें तत्त्वज्ञान’ या ग्रंथांत त्यांस पुनः शंकराचार्यांच्या पंक्तीस बसविलें. पुढें १९५६ मध्यें भा. पं. बहिरट यांनीं इंग्रजी प्रबंध लिहून त्यांचें स्थान स्वतंत्र असल्याचें मांडलें. या वादांत विद्वत्ता थोडी खर्चीं पडलेली नाहीं. परंतु ज्या ग्रंथासाठीं हें सारें, त्या ग्रंथानें एके ठिकाणीं या प्रश्नास स्वतःच उत्तर दिलें आहे, आणि तें पूर्वपक्ष व उत्तरपक्ष या दोघांसही अडचणीचें आहे.

तें स्थळ तिसऱ्या प्रकरणांत, वाचेचें ऋण फेडण्याचा विषय चालला असतां येतें. ज्ञान हाच बंध होय, असें सदाशिवानें शिवसूत्रांच्या मिषानें सांगितलें आहे, असें ज्ञानदेव म्हणतात. लागलीच पुढील ओवींत ते गीतेच्या चौदाव्या अध्यायांतील श्रीकृष्णाची साक्ष काढतात कीं, सत्त्वगुण जीवास ज्ञानाच्या दाव्यानें बांधतो. एक साक्ष शैवांची, एक वैष्णवांची. भाष्यकार असता तर येथें संतोषानें थांबला असता. ज्ञानदेव थांबत नाहींत. तिसऱ्या ओवीचा आशय असा कीं, शिव बोलला किंवा श्रीवल्लभ बोलला एवढ्याच लोभानें आम्ही हें मानतों असें नव्हे. ते बोलले नसते तरी हें आमच्या हातीं आलेंच असतें.

शिवसूत्राचें हें वचन ज्या रूपानें येथें आलें आहे, तें पाठभेदाची आवड असणाऱ्यांनीं अवश्य पाहावें. पहिलें सूत्र ‘आत्मा’ या शब्दानें संपतें. दोन्ही सूत्रें सलग म्हटलीं असतां त्या अंत्य आकारांत पुढच्या शब्दाचा अकार लपूं शकतो, आणि मग बंध ज्ञानाचा कीं अज्ञानाचा, हें कानास कळत नाहीं. क्षेमराजानें आपल्या विमर्शिनींत दोन्ही वाचनें घेतलीं आहेत. अपूर्ण ज्ञान म्हणजेच अज्ञान, असा त्याचा मेळ आहे. ज्ञानदेवांनीं अकार न घेतां सरळ ‘ज्ञान’ वाचलें, व तेंही अपूर्णतेची सोडवणूक न करतां. अज्ञानाच्या अपेक्षेनें उभें राहणारें ज्ञान अज्ञानाबरोबरच जातें, हें त्यांचें म्हणणें चौथ्या प्रकरणांत विस्तारानें येतें. म्हणजे वचन शैवांचें खरें, पण त्यांतून काढलेलें काम त्यांचें स्वतःचें आहे.

यावरून ज्ञानदेव ग्रंथ तुच्छ मानीत, असा अर्थ कोणी काढील तर तो मोठा प्रमाद होईल. काश्मीरांतील सूत्र तेराव्या शतकांत गोदातीरीं ठाऊक असणें ही सामान्य गोष्ट नव्हे. ब्यूलरनें १८७५–७६ च्या प्रवासांत काश्मीरच्या पोथ्या मिळविल्या आणि १९११ मध्यें शिवसूत्रविमर्शिनी काश्मीर ग्रंथमालेंत छापली गेली, तेव्हां कोठें आधुनिक अभ्यासकांस हें वाङ्मय सुलभ झालें. ज्ञानदेवांस तें पोथीनें मिळालें कीं नाथांच्या मुखपरंपरेनें, हा प्रश्न आपल्यासारख्या पोथीवेड्यांची झोंप उडविणारा आहे. पण तें त्यांनीं मनांत घोळविलें होतें, यांत संशय नाहीं. शिवाय, शके १२१२ मध्यें पुऱ्या झालेल्या भावार्थदीपिकेच्या अखेरीस तेच सांगतात कीं, आपण व्यासांचा माग घेत, भाष्यकारांस वाट पुसत आलों. सुमारें नऊ हजार ओव्या दुसऱ्याच्या ग्रंथावर लिहिणारा मनुष्य वाचनाचा शत्रु नसतो. टीका झाल्यावर निवृत्तिनाथांनीं स्वतंत्र ग्रंथाची आज्ञा केली, ही कथा परंपरेची आहे. ती कोणीं पाहिली नाहीं, तरी दोन ग्रंथांतील अंतर तिनें अचूक हेरलें आहे.

हें अंतर सातव्या प्रकरणांत उघड दिसतें. ग्रंथाच्या सुमारें आठशें ओव्यांपैकीं तिसऱ्या हिश्श्याहून अधिक ओव्या या एका अज्ञानखंडनास दिल्या आहेत. अंधाराच्या आडोशानें काजव्यानें मिरवावें तसें अज्ञानाचें अनादित्व, असा आरंभींच टोला देऊन ज्ञानदेव प्रतिपक्षाच्या एकेका कल्पनेस उलटतपासणीला उभें करतात. कोणा आचार्याचें नांव घेऊन तो प्रश्न मिटवीत नाहींत. अखेरीकडे श्रुतीचा हवाला येतो, तो युक्तिवाद आपल्या पायांवर उभा राहिल्यानंतर. प्रकरण लांबलें आहे, दृष्टांतांवर दृष्टांत रचले आहेत, व कांहीं ठिकाणीं वाचक थकतो, हेंही नमूद केलें पाहिजे.

एक शंका मात्र उरते. शिव व श्रीवल्लभ यांच्या शब्दाची ज्यास गरज नाहीं, त्यानें अख्खें दुसरें प्रकरण निवृत्तिनाथांच्या स्तवनास कां द्यावें ? त्या प्रकरणांत गुरु व शिष्य हा भेदच विरून जातो, असें उत्तर देतां येईल. आम्हांस तें पुरतें पटत नाहीं. ग्रंथाचें प्रामाण्य ज्ञानदेवांनीं बाजूस सारलें, गुरूचें नाहीं. एकट्यानें बसून विचार करणारा आधुनिक तत्त्वचिंतक त्यांच्या ठिकाणीं शोधूं गेल्यास निराशा पदरीं येईल.

एकनाथांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, व त्यांत पदरची ओवी घालणारास अमृताच्या ताटांत नरोटी ठेवणारा म्हटलें. संशोधक पदरची ओवी घालीत नाहींत, पदरचा आधार घालतात. अमृतानुभवाची पुढील चिकित्सक आवृत्ति निघेल तेव्हां तळटीपांत दोन वर्ग निराळे ठेवावेत : ज्ञानदेवांनीं स्वतः नांव घेऊन दिलेले हवाले एका बाजूस, आणि टीकाकारांनीं वा संपादकांनीं केवळ सादृश्यावरून जोडलेलीं वचनें दुसऱ्या बाजूस. पहिला वर्ग फार लहान निघेल, अशी आमची अटकळ आहे.